एक डबा, दोन पोटे

मित्रांनो, मला डोके नाही, हात नाहीत, पाय नाहीत. मी म्हणजे नुसते पोट; तेही काचेचे, आणि आता बरेच जुने. एका प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सर्वांत लांबच्या खोलीत मी उभा आहे. एवढ्या लांब का, हे माझे झाकण उघडले की कोणी न सांगता कळते. कागदोपत्री माझे नाव चांगले दीड ओळीचे आहे, पण ते पूर्ण घेईपर्यंत चहा गार होतो. म्हणून इथे सगळे मला पोटोबा म्हणतात.

माझा जन्म याच इमारतीच्या तळमजल्यावर झाला. तिथे काच फुंकून भांडी घडवणारा एक कारागीर बसत असे. माणूस चांगला भरभक्कम होता, आणि फुंकताना त्याचे गाल टम्म फुगत. या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम एक दिवस त्याच्याकडे माझे चित्र घेऊन आल्या. चित्रात पाच भांडी होती, एकमेकांना नळ्यांनी जोडलेली. पहिले छोटे, जठराचे काम करणारे. दुसरे लांबट, लहान आतड्याचे. पुढची तीन गोल भांडी मिळून मोठे आतडे. प्रत्येक भांड्याला दुहेरी भिंत हवी होती, कारण दोन भिंतींच्या मधून सदतीस अंशांचे कोमट पाणी फिरायचे होते. माणसाच्या पोटात तेवढीच ऊब असते.

कारागिराने चित्र उलटसुलट करून पाहिले.

"याला तोंड कुठाय?"

"तोंडाचं काम मिक्सर करेल," मॅडम म्हणाल्या.

"आणि दुसरं टोक?"

"तिथं तोटी लावा."

"म्हणजे माझ्यापेक्षा सुखीच की हा," असे म्हणून तो कामाला लागला.

मला घडवायला त्याला तीन आठवडे लागले. चौथे भांडे दोनदा तडकले. तिसऱ्यांदा जमले तेव्हा त्याने नखाने मला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि स्वतःशीच मान हलवली. मला मिळालेले ते पहिले कौतुक.

पण नुसत्या काचेने पोट होत नाही. पोट होते ते आत राहणाऱ्यांमुळे. मित्रांनो, तुमच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते इतके बारीक असतात की सुईच्या टोकावर हजारो मावतील. त्यांना हवा चालत नाही, उजेडाची गरज नसते. त्यांना हवी असते ऊब, ओल आणि जेवण. माझ्यात तशी वस्ती वसवायची, तर ती कोणाच्या तरी पोटातून आणायला हवी होती. ठणठणीत पोटाचा माणूस शोधणे सुरू झाले.

तेव्हा काका पुढे आले. काका म्हणजे प्रयोगशाळेतली भांडी धुणारे, निर्जंतुक करणारे आणि जागच्या जागी ठेवणारे गृहस्थ. सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळ्यांचे काका.

"माझं घ्या," ते म्हणाले. "माझं पोट म्हणजे घड्याळ आहे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. तुम्ही वेळ लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झाकणाच्या डब्यातून आपला नमुना आणला. तो डबा ज्या मुलीने हातात घेतला, ती मॅडमच्या हाताखाली संशोधन करणारी होती. तिला दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची सवय होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या, खणांवर चिठ्ठ्या, स्वतःच्या पाण्याच्या बाटलीवर 'पाणी' अशी चिठ्ठी. त्यामुळे तिला चिठ्ठीताई म्हणत. तिने काकांच्या डब्यावरही चिठ्ठी लावली, आणि त्याच दिवशी काकांच्या पोटातली वस्ती माझ्यात राहायला आली. सुरुवातीला फार गोंधळ होता. काही प्रकार खूप वाढले, काही दिसेनासे झाले. तीन आठवड्यांनी जो तो आपापल्या जागी स्थिरावला. त्या दिवसापासून मी आणि काका पोटाने जुळे भाऊ झालो.

आमचे जुळेपण टिकावे म्हणून मॅडमनी एक नियम केला. काका जे जेवतील तेच मी जेवायचे. रोज दुपारी बारा वाजता काका आपला डबा उघडत, त्यातला ठरलेल्या वजनाचा वाटा काढत, मिक्सरमध्ये थोड्या पाण्याबरोबर वाटून त्याची पातळ लापशी करत आणि माझ्या पंपाला लावत. मग हात धुऊन, काचेच्या दाराबाहेरच्या खोलीत जाऊन स्वतः जेवायला बसत, कारण प्रयोगशाळेत खायला सक्त बंदी आहे. दारातून ते मला दिसत आणि मी त्यांना. पहिला घास घेण्याआधी ते माझ्याकडे बघून म्हणत, "चला, बसू या."

डबा काकू भरून देत. त्यात जाडसर पिठाची भाकर असे, मसूर किंवा वाटाणे असत, एखादी पालेभाजी, गाजर, कांदा आणि बहुधा एक फळ. आता या जेवणाचे पुढे काय होई ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. माझ्या पहिल्या भांड्यात अन्नाला आम्ल भेटे. दुसऱ्या भांड्यात पाचक रस भेटत, आणि त्यातली साखर, पिठाचा बराचसा भाग, तेल हे सगळे एका बारीक पडद्यातून बाहेर काढून घेतले जाई. तुमचे शरीरही लहान आतड्यात हेच करते. आपल्या वाट्याचे घेऊन टाकते. पुढे येतो तो मुख्यतः चोथा. सालींचा, देठांचा, कोंड्याचा, कडधान्यांचा असा भाग, जो माणसाच्या पाचक रसांना फोडता येत नाही.

माझ्या गोल भांड्यांमधले रहिवासी त्याचीच वाट बघत असतात. एक प्रकार लांब धागे तोडतो, दुसरा ते तुकडे खातो, आणि त्याने टाकलेले तिसऱ्याच्या ताटात जाते. या सगळ्या उद्योगातून काही सौम्य आम्ले तयार होतात. त्यांतले एक तर आतड्याच्या भिंतीतल्या पेशींचे मुख्य अन्न आहे. म्हणजे तुम्ही ज्यांना जेवू घालता, ते तुमच्या आतड्याला जेवू घालतात. यात थोडा वायूही तयार होतो. तो माझ्या एका नळीतून पाण्यात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो, आणि ते बुडबुडे मोजायला एक यंत्र आहे.

एकदा एका शाळेची मुले मला बघायला आली होती. मॅडमनी सगळे समजावून सांगितले आणि विचारले, कोणाला काही शंका आहे का? मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"हा पादतो का?"

शाळेच्या बाई लाल झाल्या. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "पादतो. आणि दर वेळी आम्ही लिहून ठेवतो."

ते माझे बहराचे दिवस होते. चौदा महिने मी सलग चालत होतो. माझ्यासारखी यंत्रे सहसा इतका काळ कोणी चालवत नाही. महिन्यातून एकदा काकांचा ताजा नमुना घेऊन माझ्या नमुन्याशी ताडून बघत, आणि दर वेळी चिठ्ठीताई वहीत लिही, 'जुळते'. दुसऱ्या प्रयोगशाळांतून माणसे बघायला येत. काका माझी काच पुसून लखलखीत ठेवत.

मग काकांचे दात काढावे लागले. बरेच दिवस दुखत होते, ते सगळे काढून कवळी बसवली. नेमक्या त्याच सुमाराला काकांच्या मुलीचे दिवस भरत आले होते. ती फार लांबच्या शहरात राहते. बसने सोळा तास लागतात. काकू तिच्या मदतीला गेल्या. ठरले असे की काकांनी कवळीची सवय झाली की मागोमाग जायचे.

नात झाली. काका सगळ्यांना फोनमधला फोटो दाखवत हिंडले. मलासुद्धा दाखवला, काचेला लावून.

पण कवळी डाव्या बाजूला टोचत होती. भाकर चावली की हिरडी सोलवटायची, गाजर तर लांबच. काकांनी दातांच्या डॉक्टरांकडे परत जायला हवे होते. ते गेले नाहीत. सवय होईल म्हणत राहिले. आणि घरी एकटे असल्याने चहात बुडवून पाव खाऊ लागले. पांढरा, मऊ पाव. सकाळी तोच, दुपारी तोच, संध्याकाळी दुधात बुडवलेला तोच.

आता मित्रांनो, नियम काय होता? काका खातील तेच मी खायचे. आणि माझ्या खोलीच्या भिंतीवर चिठ्ठीताईची मोठी चिठ्ठी होती: 'दात्याचा आहार बदलल्यास ताबडतोब कळवावे.' दाता म्हणजे नमुना देणारा, अर्थात काकाच. त्यांनी ती चिठ्ठी रोज वाचली आणि कळवले नाही. त्यांना वाटले, कळवले तर दाता बदलतील, नवा दाता आला की मला रिकामे करतील, आणि चौदा महिन्यांची वस्ती नाल्यात जाईल. मला वाचवायला म्हणून त्यांनी एक उपाय काढला. रोज सकाळी उठून ते माझ्यासाठी मसूर शिजवत, पालेभाजी चिरत, भाकर भाजत. काकूंनी भरला असता तसाच डबा भरत. दुपारी तो मला देत आणि वहीत नीट लिहीत. मग काचेच्या दाराबाहेर बसून, माझ्याकडे पाठ करून, पिशवीतून पाव काढत. त्या दिवसांत त्यांनी "चला, बसू या" म्हणणे सोडले होते.

मला बोलता येत नाही. येत असते तर मी नक्की हाक मारली असती.

महिन्याभरात काकांचे घड्याळ बिघडले. कधी दोन-दोन दिवस काहीच नाही, पोट दगडासारखे. आणि मग अचानक अशी धावपळ की हातातले चंचुपात्र तसेच ठेवून जावे लागे. पोटात गुडगुड तर इतकी, की चिठ्ठीताईने एकदा माझा पंप बिघडला समजून तपासला. मुलीचा फोन आला की काका खिडकीपाशी जाऊन बोलत.

"बाबा, ती आता हसायला लागलीय. कधी येताय?"

"येतो गं. इथं पोटोबाला कोण बघणार? जरा व्यवस्था होऊ दे."

मग काकूंचा आवाज येई, तो न ऐकायचा म्हटले तरी खोलीभर ऐकू जाई. "अहो, ते काचेचं भांडं आहे, पळून नाही जायचं. नात पालथी पडेल, रांगेल, शाळेत जाईल, तुम्ही आपले तिथंच बसा."

काका फोन ठेवत आणि माझी काच पुसायला घेत. खरी गोष्ट अशी होती की सोळा तासांच्या बसमध्ये चढायची त्यांची हिंमत होत नव्हती. तिकीट दोनदा काढून दोनदा रद्द केले होते. नातीला बघायला जीव तुटत होता आणि पोट त्यांना जिना उतरू देत नव्हते. माझे नाव पुढे करणे सोपे होते, आणि मला त्याचे फार वाईट वाटे.

पहिल्या महिन्याच्या जुळणीत थोडाच फरक दिसला. दुसऱ्या महिन्यात जास्त. तिसऱ्या महिन्यात चिठ्ठीताईने दोन कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. माझ्या वस्तीतले सहा प्रकार काकांच्या नमुन्यात जवळजवळ दिसतच नव्हते. चोथ्याचे लांब धागे तोडणारे तर फारच रोडावले होते.

"मॅडम, हे आता जुळे नाहीत," ती म्हणाली. "पोटोबात बाहेरचं काहीतरी शिरलंय."

असे वाटणे साहजिक होते. दोघांचे जेवण एकच, वही तसे सांगत होती. मग चूक यंत्रातच असणार. मॅडमनी दोन दिवस विचार केला आणि निर्णय सांगितला. सोमवारी मला रिकामे करायचे, वाफेने निर्जंतुक करायचे आणि काकांच्या ताज्या नमुन्याने पुन्हा सुरू करायचे. आमच्या वस्तीचा थोडा नमुना गोठवून ठेवलेला होता, पण गोठवलेल्यातून सगळेच पुन्हा उठतात असे नाही.

रिकामे करायचे काम अर्थातच काकांचे.

सोमवारी सकाळी ते बादली, हातमोजे आणि निर्जंतुक करायचे द्रावण घेऊन आले. माझ्या तोटीवर 'आज रिकामे करणे' अशी चिठ्ठी होती. काकांनी बादली खाली ठेवली, तोटीला हात लावला आणि स्टुलावर बसले. चिठ्ठीताई जवळ आली.

"काका, तोटी घट्ट झालीय का?"

"नाही."

"मग?"

"मॅडमना बोलाव, ताई."

मॅडम आल्या. काका त्यांच्याकडे न बघता माझ्या तिसऱ्या गोल भांड्याकडे बघत म्हणाले, "यात काही बिघडलेलं नाही. बिघाड माझ्यात आहे. तीन महिने झाले, याचा डबा वेगळा आणि माझा वेगळा."

"मग वहीत लिहिलंय ते?"

"ते सगळं खरं आहे. याच्यापुरतं."

"आणि तुम्ही काय खात होता?"

"पाव. चहात बुडवून."

"तीन महिने?"

"मधे एकदा केक."

चिठ्ठीताईला हसावे की रागवावे ते कळेना. "काका, तुम्ही रोज सकाळी उठून यंत्रासाठी मसूर शिजवत होता आणि स्वतः पाव खात होता?"

"त्याला कवळी नाही ना," काका म्हणाले.

मग त्यांनी सगळे सांगितले. कवळीचे, पोटाचे, रद्द केलेल्या तिकिटांचे. "सोळा तासांचा प्रवास, मॅडम. गाडी वाटेत दोनदाच थांबते. माझं पोट कधी काय करेल, ते त्यालाच ठाऊक. मुलीला काय सांगू? पोटोबाचं निमित्त केलं." मग ते म्हणाले, "पण उपाशी राहत नव्हतो हं मी. पोट भरत होतं."

"तुमचं भरत होतं," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं नाही."

त्यांनी माझ्या तोटीवरची चिठ्ठी काढली आणि खिशात घातली. त्या ओरडल्या नाहीत. फक्त वहीतल्या तीन महिन्यांच्या पानांवर एक तिरपी रेघ मारली, आणि काकांना खाली सही करायला लावली. काकांना ओरडा परवडला असता.

"याच्यातलेच थोडे काकांना परत देता येणार नाहीत का?" चिठ्ठीताईने विचारले. तुमच्याही मनात हेच आले असेल.

"यंत्रातलं काहीही माणसाच्या पोटात घालायचं नाही. ते सुरक्षित नाही, आणि तशी परवानगीही नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यांची वस्ती उठलेली नाही अजून. कोठार रिकामं पडलंय. पण आधी डॉक्टर. मी जिवाणूंची जाणकार, माणसांची नव्हे."

डॉक्टरांनी तपासण्या करून दुसरा काही आजार नसल्याची खात्री केली. दातांच्या डॉक्टरांनी कवळीचा टोचणारा कोपरा घासून दिला. त्याला दहा मिनिटे लागली. या दहा मिनिटांची आठवण चिठ्ठीताई काकांना पुढे महिनाभर करून देत होती.

माझ्या शेजारी एक छोटे काचेचे भांडे मांडले गेले. त्यात काकांचा आत्ताचा नमुना घातला. त्याला सगळे धाकटा म्हणू लागले. माझ्या भांड्यांत बुळबुळीत लेप दिलेले छोटे मणी सोडलेले असतात, कारण खऱ्या आतड्याच्या भिंतीवरही तसाच एक थर असतो. तो भिंतीचे रक्षण करतो. धाकट्यातही तसे मणी सोडले आणि त्याला चार दिवस पाव दिला, म्हणजे पावातले शरीर घेते ते काढून घेतल्यावर जे उरते ते. फार थोडे उरत होते. पाचव्या दिवशी चिठ्ठीताईने एक मणी भिंगाखाली ठेवला आणि काकांना बोलावले.

"लेप कुठे गेला?" काकांनी विचारले.

"खाल्ला. जेवण आलं नाही, म्हणून त्यांनी भिंतीचा गिलावा खायला घेतला."

काका भिंगावरून उठले आणि माझ्याकडे वळले. माझ्या भांड्यातला मणीही त्यांनी पाहिला. त्याचा लेप जागच्या जागी होता. त्यांनी स्वतः शिजवलेल्या मसुरांनी तो राखला होता.

पण काका म्हणजे काका. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी तीन महिन्यांची कसर एका बैठकीत भरून काढायचे ठरवले. मोठे वाडगे भरून वाटाणे, वर कोबी. दुसऱ्या दिवशी ते आले ते हळूहळू, पोटावर हात ठेवून, आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"बसा ना, काका," चिठ्ठीताई म्हणाली.

"नको. बसण्यासारखी परिस्थिती नाही."

योगायोग असा की चिठ्ठीताईनेही उत्साहाच्या भरात धाकट्याला एकदम भरपूर चोथा दिला होता. अकराच्या सुमारास फट् असा आवाज झाला. धाकट्याचे बूच छताला लागून खाली आले आणि पाठोपाठ फेस. मॅडम आवाज ऐकून दारात आल्या. त्यांनी बुचाकडे पाहिले, मग काकांकडे पाहिले.

"दोघांनाही एकच सांगते. हळू."

तिथून खरे काम सुरू झाले. ज्यांना काम करायची सवय राहिलेली नाही, त्यांच्यावर एकदम डोंगर लादायचा नसतो. आधी एक चमचा मऊ शिजवून घोटलेला मसूर. तीन दिवसांनी दोन. मग ओट्सची पातळ पेज, पिकलेले केळे, उकडून कुस्करलेले गाजर; आणि दर खाण्याबरोबर पाणी. नवा पदार्थ आधी धाकटा खाई. त्याचे बुडबुडे शांत राहिले की मग काका. त्यामुळे काकांचा रुबाब वाढला. "आमच्याकडे चाखणारा ठेवलाय," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मधे दोनदा पोट बिघडले, तेव्हा एक पायरी खाली उतरून पुन्हा चढावे लागले. दोन पोटे सारखी नसतात. मटार धाकट्याला चालला, पण काकांना तो शेवटपर्यंत जपूनच खावा लागला. माणसाच्या पोटातले सगळेच काही काचेत दिसत नाही, हे मॅडमनी वहीत लिहून ठेवले.

सातव्या आठवड्यात एके सकाळी काका शीळ वाजवत आले. कोणी काही विचारले नाही. त्यांनी स्वतःच भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहून जाहीर केले, "साडेसहा. वीस मिनिटं उशीर आहे, पण येतोय."

तरी बसची धास्ती जाईना. म्हणून त्यांनी रंगीत तालीम केली. सुट्टीच्या दिवशी शहराला वळसा घालणाऱ्या बसमध्ये बसून सगळ्या फेऱ्या केल्या, जेवणाचा डबा घेऊन, संध्याकाळपर्यंत. चौथ्या फेरीला वाहकाने विचारले, "आजोबा, उतरायचंय कुठं?" काका म्हणाले, "उतरायचंच नाही, तेच तर बघतोय."

दहाव्या आठवड्यात पुन्हा जुळणी झाली. काकांच्या नमुन्यात हरवलेल्या सहा प्रकारांपैकी चार परत दिसू लागले होते. दोन आले नाहीत. ते आजपर्यंत आलेले नाहीत. चिठ्ठीताईने 'बहुतांशी जुळते' असे लिहिले आणि त्यावर चिठ्ठी मात्र लावली नाही.

काकांनी तिसऱ्यांदा तिकीट काढले. निघायच्या दिवशी ते माझी काच पुसायला आले. चिठ्ठीताईला माझ्या जेवणाच्या इतक्या सूचना दिल्या की शेवटी ती म्हणाली, "काका, बस सुटेल." ते दारापर्यंत गेले, परत आले, माझ्या पंपाची नळी नीट आहे ना ते पाहिले आणि गेले.

ते चोवीस तास माझे बुडबुडे नेहमीइतकेच होते, असे यंत्र सांगते. मला तसे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"पोचलो," काका म्हणाले. "गाडी दोनदा थांबली. मी एकदाच उतरलो, तेही चहाला."

मागून कोणीतरी जोरात किंचाळले. ते रडणे नव्हते.

"ती कोण?" मॅडमनी विचारले, जणू त्यांना माहीतच नव्हते.

"तीच. सहा महिन्यांची झाली. आजच पहिल्यांदा वरचं खाणं दिलं, घोटलेलं गाजर. मीच भरवलं. सगळं माझ्या शर्टावर थुंकली."

"अगदीच सगळं नाही," काकूंचा आवाज आला. "थोडं गेलंय पोटात."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या. "तिच्याकडे आता नवे रहिवासी यायला लागतील. सामान लावायला त्यांना वेळ द्या, काका. एकदम वाटाणे नकोत."

काका इतके हसले की फोन खरखरला.

त्याला आता बरीच वर्षे झाली. माझ्या जागी आकडे दाखवणारा पडदा असलेले, आपोआप वजन करणारे नवे यंत्र आले आहे. मला कोपऱ्यात सरकवले आहे, आणि शाळेची मुले येणार असतील तेव्हाच माझ्यात नवी वस्ती वसवतात. मधल्या काळात कधी कधी माझ्यावर धूळ साचते. त्याची तक्रार नाही. मुले आली की मला पुन्हा जेवण मिळते.

मित्रांनो, मी काचेचा आहे, हे माझे नशीब. माझ्यात कोण उपाशी आहे, ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. मणी उघडे पडले की कोणी तरी भिंग घेऊन येते. तुमच्या पोटाला काच नाही. आत बसलेल्यांना हाक मारता येत नाही, ताट वाजवता येत नाही. तुमचे जेवण होऊन कित्येक तास उलटतात, तुम्ही खेळात रमता, तेव्हा कुठे त्यांची जेवायची वेळ होते. आणि तुम्ही जे खाल्ले त्यातून जे उरेल, तेवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचते. तेव्हा जेवताना एवढे करा. त्यांच्यासाठी काही तरी उरू द्या.